अर्ध्यावरचा काटा

खोटं वाटेल. वाटू द्या. यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

आणि रात्रही नव्हती. गेल्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. जळगावात, हितेंद्रच्या गॅरेजमध्ये.

रोहिणी तिथं भांडायलाच गेली होती.

तिचे वडील, लीलाधर नाना, आदल्या उन्हाळ्यात गेले. त्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार होती. दोन सीटांची, उघड्या टपाची. तिचा पेट्रोलचा काटा भारी लहरी. नाना अंगठीने काचेवर ठोकायचे, टक टक, की काटा हलायचा. शेवटी त्यांनी गाडी हितेंद्रकडे टाकली.

"बठ्ठं नवं टाकेल शे, नाना. बिनधास्त फिरा," सगळं नवं बसवल्याची अशी ग्वाही देऊन त्याने ती परत दिली.

त्याच आठवड्यात, धरणगावच्या पुढे अमळनेर रस्त्यावर, गाडी बंद पडली. काटा अर्ध्यावर. टाकी कोरडी.

नाना कॅन घेऊन भर उन्हात पंपाकडे चालत निघाले.

पोचले नाहीत.

डॉक्टर उष्माघात म्हणाले. रोहिणीच्या मनात दुसरा शब्द होता.

रोहिणीने तीच गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली होती. "टाकी उतरव. माझ्यासमोर."

"ताई, वर्ष झालं आता. कशाला उकरून काढता?"

"उतरव."

हितेंद्रने बॅटरी काढून फरशीवर ठेवली. काटा शून्यावर पडला. मग टाकी उतरवून त्याने आतला फ्लोट बाहेर काढला. पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी सांगतो, तो.

गंजलेला. दांडी अर्ध्यावर अडकलेली.

रोहिणीने तो त्याच्या हातातून घेतला. "हे नवं?"

हितेंद्रने मान खाली घातली. "उन्हाळा, गिऱ्हाइकांची गर्दी... टाकी उतरवलीच नाही, ताई. नुसती तार घासून दिली."

हेच ऐकायला ती वर्षभर जळत होती. तो फ्लोट त्याच्या तोंडावर फेकून मारावा, असं तिला वाटलं. हात वर गेलाही...

टक टक.

दोघांनी वळून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं.

पण काटा... अर्ध्यावर होता.

बॅटरी फरशीवर. फ्लोट तिच्या मुठीत.

टक टक.

ड्रायव्हरची सीट खाली दबलेली होती. कुणी बसल्यासारखी.

"ताई..." हितेंद्र भिंतीला टेकला. "नाना अस्सेच ठोकायचे..."

"त्यांचं नाव घेऊ नकोस तू!"

रोहिणी भूतखेत मानणारी नव्हती. तिला भीती वाटलीच नाही. संताप आला. हितेंद्रचा, त्या काट्याचा आणि नानांचासुद्धा. किती वेळा सांगितलं होतं त्यांना! आणि हा माणूस अजून तिथंच बसलाय, अजून त्या काट्यावर विसंबून!

ती ओरडली, "नाना, खोटं आहे ते! टाकी रिकामी आहे!"

ठोकणं थांबलं.

काटा हळूहळू खाली आला... शून्यावर टेकला.

सीट वर उचलली गेली. दार उघडलं.

मग डिकीत काहीतरी खडखडलं. पोलिसांनी परत दिलेला तो कॅन तिथंच होता.

त्याच्या कडीचा आवाज... कुर्र, कुर्र... गॅरेजबाहेर गेला. उन्हात. रस्त्याकडे.

आपण काय केलं, ते रोहिणीला तेव्हा कळलं.

"नाना, थांबा! ऊन आहे बाहेर!"

ती रस्त्यापर्यंत धावली. डांबर वितळत होतं. कुणीच नव्हतं.

डिकीत कॅन नव्हता. तो आजतागायत सापडलेला नाही.

हितेंद्र दोनदा घरी येऊन गेला. तिने दार उघडलं नाही. माफीही दिली नाही, देणारही नाही.

गाडी तिच्या घरामागच्या शेडमध्ये आहे. बॅटरी नाही, टाकी नाही. यंदाचा मे लागला आणि एका दुपारी शेडमधून पुन्हा आवाज आला...

टक टक.

आता तो रोज येतो. रोहिणी शेडच्या दारात उभी राहते. राग येतो, 'टाकी रिकामी आहे' असं ओरडावंसं वाटतं. पण ती ओठ घट्ट मिटून घेते.

काटा अर्ध्यावर आहे तोवर नाना सावलीत आहेत.