पंच्याण्णव टक्के शर्वरी

शर्वरी दुधगावकरच्या डोक्यावरचा जाळीदार टोप निघाला आणि तपासणी-कक्षाच्या पडद्यावर आकडा उमटला : एकाहत्तर.

ती काम करायची ती गोदी चारशे किलोमीटर वर, अंतराळात. तिथली यंत्रभुजा शर्वरी नागपुरात बसून नुसत्या विचाराने हलवायची. भुजेला ओळखीचं मन एकच. ते बदललं की भुजा थरथरते. म्हणून आजारपणाच्या रजेवरून परतणाऱ्याचं मन टोपाने टिपून ठेवलेल्या नोंदीतल्या मनाशी पंच्याण्णव टक्के जुळलं पाहिजे, नाहीतर घरचा रस्ता. मेंदूज्वराने तिचे शब्द सांडले होते, बोटं अडखळत होती. सात वर्षांची लेक ओवी तेवढी मनात जशीच्या तशी होती.

डॉक्टर बिडकरांनी धीर दिला. मनोदुरुस्ती करू म्हणाले. नोंदीत आणि तुमच्यात जिथे फरक, तिथले मेंदूतले जोड नोंदीप्रमाणे पुन्हा बांधू. मग सुई टोचता टोचता त्यांनी विचारलं, "नोंद यंदाचीच आहे ना?"

आता आली का पंचाईत! नोंद दरवर्षी नवी करायचा नियम होता, पण तिच्यासाठी अख्खा दिवस टोपाखाली पडून राहावं लागे, आणि गोदीवर श्वास घ्यायला फुरसत नसे. म्हणून दर एप्रिलात पाळीतले सगळेच चहा पिता पिता अर्जावर 'बदल नाही' अशी खूण करून मोकळे व्हायचे. खरं सांगावं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जाणार. शिवाय तिला वाटलं, आपली नोंद नऊ वर्षांपूर्वीची, रुजू होतानाची; तेव्हाचा आपला हात उलट जास्तच तरबेज होता. बिघडलं कुठे?

"हो, यंदाचीच," ती म्हणाली.

"बरं झालं. आजाराने झालेला फरक कोणता आणि आयुष्याने झालेला कोणता, हे यंत्राला कळत नाही. नोंद जुनी असती तर मी हातसुद्धा लावला नसता."

नोंद नऊ वर्षांची, ओवी सातची. थांबा, असं तिला ओरडायचं होतं. पण औषधाने जीभ जड झाली होती आणि मुलीचं नाव तोंडातच विरलं.

जाग आली तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याण्णव होते. बोटं लोण्यासारखी चालत होती. किती हलकं वाटत होतं तिला! डॉक्टरांनी अभिनंदन केलं, उद्यापासून रुजू व्हा म्हणाले.

बाहेर येताच एक छोटी मुलगी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. शर्वरीला मुलं आवडायची. ती खाली वाकली, मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"कुणाची गं तू? हरवलीस का?"

मुलगी आधी हसली. आई चेष्टा करतेय, असंच तिला वाटलं.