ब्रेकच्या नळीवरचा काळा थर

फोल्के राहायचा त्या उत्तर स्वीडनमधल्या गावात नोव्हेंबर आला की दुपारी तीनलाच अंधार पडतो. इंजिन गरम ठेवणारी विजेची वायर त्याने काढली, नीट गुंडाळली आणि आपल्या तीस वर्षांच्या लाल छोट्या गाडीत बसला. गुडघे स्टिअरिंगला आपटले.

सीट पुन्हा पुढे आली होती.

फोल्के सहा फुटी माणूस, घरात एकटा. सीट इतकी पुढे घ्यायची ती त्याची ठेंगणी बायको, रांगहिल्ड. तीन वर्षांपूर्वी तळ्याच्या उतारावर, याच गाडीतून पाइनच्या खोडावर आदळून ती गेली.

"बर्फावरून घसरली," असं सगळे म्हणाले. फोल्केनेही मान डोलावली. खरं काय ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी गाडीखाली झोपून त्याने ब्रेकच्या गंजक्या नळीवर डांबरासारखा काळा थर फासला होता. गंज दिसू नये म्हणून गावात निम्मे लोक तेच करतात, आणि कॉफी पिताना वर फुशारकीही मारतात. गाडी पास झाली. नवव्या दिवशी त्या उतारावर नळी फुटली. मग गाडी दुरुस्त करताना त्याने गुपचूप नवी तांब्याची नळी बसवली आणि त्या काळ्या थराचा डबा कायमचा फेकून दिला.

आज तपासणी झाली की गाडी मुलीला, इल्वाला द्यायची होती. त्याआधी तिला सांगायचं, असं तो महिनाभर रोज ठरवत होता.

तपासणी केंद्रात तपासनीस होकान बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. "काय फोल्केकाका, जुनी खोड जात नाही ना? ओला आहे की अजून थर!"

"मी... मी नाही फासला."

"मग काय, नळीला घाम आला?" होकानने चाकूने खरवडलं. आतून गंजाचे पापुद्रे गळले. "आणि हे ब्रशचं काम नाही. बोटांनी फासलंय. केवढीशी बोटं आहेत बघा..."

डांबराचा तो वास फोल्केच्या नाकात गेला. गाडी न्यायला आलेली इल्वा दारात उभी होती.

"काय झालं, बाबा?"

"इल्वा... तुझी आई घसरली नव्हती गं..." त्याने सगळं सांगून टाकलं.

 इल्वा तोंड फिरवून चालत बस थांब्याकडे गेली. होकानने अवघडून पुन्हा नळीवर बॅटरी मारली. नळी तांब्याची होती, स्वच्छ, लखलखीत. काळं होतं ते फक्त होकानचं बोट. त्याने पासचा कागद दिला.

घरचा रस्ता तळ्यावरूनच होता. मनावरचं ओझं उतरेल असं फोल्केला वाटलं होतं, पण इल्वाची पाठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. उतार लागला तशी सीट हळूहळू पुढे सरकू लागली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. पाइनपाशी त्याने घाबरून ब्रेक दाबला. गाडी जागीच थांबली, इंजिन बंद पडलं.

त्याने हँडब्रेक ओढला, पेडलवरून पाय काढून घेतले, छातीशी घेतले. "रांगहिल्ड... थांबलीय गं गाडी... थांबलीय..."

त्याच्या पायांखाली ब्रेकचं पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं, घाईघाईने, पुन्हा, पुन्हा.