मासवण नावाचं विमान

दोन चमचे पिवळा रंग मागणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

बोईसरला रामकिसन शेठच्या रंगाच्या दुकानात मी उभी होते. पावसाने जरा उघडीप दिली होती आणि आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या सगळ्या बोटींना एकदमच रंग हवा होता. बोटींवर नावं आणि नंबर लिहायचं काम माझं. बाकीच्यांच्या पोरी ब्लाउज शिवतात, आमची रिद्धी होड्या नटवते, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कौतुकाने सांगते की काळजीने, ते मला अजून कळलेलं नाही. शेठने गडद पिवळ्याचा शेवटचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि बाजूने आवाज आला, "हाच... मला पण हाच पाहिजे होता."

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, कंपनीचा निळा शर्ट, केसांवर पावसाचे थेंब तसेच... आणि नजर माझ्यावर नाही, डब्यावर. राग यायला तेवढं पुरेसं होतं.

"शेवटचा आहे," मी म्हटलं.

"सगळा नको. दोन चमचे दिलेत तरी चालेल."

"दोन चमच्यांत काय रंगवणार? नखं?"

तो हसला नाही. लाजला. "विमान," म्हणाला.

शेठने मला हिंदीत समजावलं, दे दो बेटी, लड़का अच्छा है, बस थोड़ा खिसका हुआ है. मी म्हटलं, डबा इथे फोडणार नाही. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते, तेव्हा बाटली घेऊन चिंचणीला या, 'रिद्धी' नावाची बोट विचारा. येणार नाही याची मला खात्री होती. तरी शुक्रवारी मी नवा पंजाबी ड्रेस घालून रंगकामाला बसले, तेव्हा आईने एक भुवई वर केली.

तो आला. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि बुटाचं खोकं घेऊन. बोटीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "रिद्धी कोण?"

"बोट," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

"मी आधी झाले. बोट नंतर."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. विपुल त्याचं नाव. मासवणचा, डोंगराच्या कडेला थोडीशी भातशेती असलेल्या घरातला. बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता. त्याने खोकं उघडलं, तर आत हातभर लांबीचं, दोन पंख्यांचं विमान. बाजारात सुट्या भागांत मिळणारं प्रवासी विमानाचं खेळणं आहे तसं जोडायचं सोडून हा त्याचं समुद्रावर गस्त घालणारं विमान करत होता. पोटाखालचा रडारचा फुगवटा म्हणजे औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण. बाहेर डोकावून पाण्याकडे बघायच्या गोल खिडक्या म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगे. सगळं कंपनीच्या कचऱ्यातलं.

"असं विमान खरंच आहे?" मी विचारलं.

"नाही. म्हणूनच तर करायचं. असं असतं तर... कसं दिसलं असतं, ते बघायचं."

शेपटीला त्याने इंजेक्शनच्या सुईचं टोपण चिकटवलं होतं. पाण्याखालची पाणबुडी ओळखायला म्हणे. मला हसू आलं. म्हटलं, पाणबुड्या सोडा, इथे वर तरंगणारी माणसं सापडत नाहीत.

मग मी त्याला बाबांचं सांगितलं. इंजिन बंद पडून आमची बोट वाहत गेली होती. खलाशी सांगतात, एक विमान डोक्यावरून गेलं, कुणाचं कुणास ठाऊक, आणि तसंच पुढे निघून गेलं. केबिनचं छप्पर निळं, खाली समुद्र निळा, वरून काय दिसणार? शेवटी गुजरातच्या एका बोटीने दोर टाकून त्यांना ओढून आणलं. त्या दिवसांबद्दल बाबा घरात एक अक्षर बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून छप्पर दर वर्षी पिवळं करायचं, तेही माझ्याच हाताने.

विपुलने खिशातून ब्लेड काढलं आणि ते सुईचं टोपण शेपटीवरून अलगद कापून टाकलं. म्हणाला, शेपटीवर नुसता पिवळा पट्टा मारणार होतो. आता सगळं पोट पिवळं करतो, पाण्यातल्या माणसाला खालून दिसेल असं.

"मग दोन चमचे पुरायचे नाहीत," मी म्हटलं.

"नाही ना," तो डब्याकडे बघत म्हणाला. "परत परत यावं लागेल."

आणि तो आला, दर शुक्रवारी. बोटीच्या पोटाखाली, सावलीत, आम्ही दोघं आपापल्या कामाला बसायचो. बोटीच्या फळ्यांच्या फटींत मी लांबी भरायचे, विमानाच्या सांध्यांत तो लांबी भरायचा. एकदा त्याने अभिमानाने पंख पुढे केला, बघ, सांधा दिसतोय का? तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. कधी, ते दोघांनाही कळलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि पंखावरून अंगठा फिरवला.

"आहे अजून. डोळ्याला नाही कळत, बोटाला कळतं."

त्याने माझं बोट धरलं, ते दाखवायला की कुठे आहे सांधा... आणि सोडायचं विसरला. समोर जाळं शिवणारी गोदूबाई मोठ्याने खोकली. मग सोडलं.

बोटीचा रंग विमानाला फार जाड होत होता. मी तो आईच्या जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळून, टर्पेंटाइन घालून पातळ करून दिला. त्याने कॅप्सूलच्या अर्ध्या टरफलाचा तराफा केला, मागच्या दारातून खाली सोडायला. हे विमान सरकारचं नाही, कंपनीचं नाही, किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांनी मिळून घेतलंय, असं आम्ही ठरवलं. वैमानिकाला जेवायला रोज बोंबील, असंही ठरवलं.

नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याने ब्रश माझ्या हातात दिला. चिंचणी लिही, म्हणाला. मी माझा सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास धरला आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत 'मासवण' लिहिलं.

"अगं, समुद्राचं विमान ना..."

"समुद्रावर शोधायला येणारं कुणी दुसरीकडचंच असतं," मी म्हटलं. त्याचे डोळे भरून आले आणि तो उगाच पंखावरची नसलेली धूळ झटकत बसला. मला त्या क्षणी तो इतका आवडला की मलाच माझी भीती वाटली.

पण बोलायची वेळ आली की त्याची गाडी 'असतं तर'वर अडायची. डहाणूहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. घरच्या दोन बोटी, मुलगा धडधाकट. बाबा मासेमारीच्या पहिल्या फेरीवरून परत आले की त्यांना शब्द देणार होते. हे सांगितलं तेव्हा विपुल म्हणाला, मी जर बोटवाला असतो तर... मी जर तुमच्यातला असतो तर...

"तुझं आयुष्य काय खोक्यातून येतं, पाहिजे तसं जोडायला?" मी चिडले. "नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बाबा निघतील. त्याआधी येऊन विचार. नाहीतर विमान घे आणि उडव मासवणला."

तो दिवस उजाडला. आदल्या दिवशी दर्याला नारळ दिलेला, बोटींवर नवे झेंडे, बायका हळदीकुंकू लावून उभ्या. वामन तामोऱ्यांची, म्हणजे आमच्या बाबांची, बोट सगळ्यांत पुढे, पिवळं छप्पर उन्हात लखलखतंय. शेअर रिक्षा रखडल्यामुळे विपुल उशिरा पोचला. खोकं छातीशी धरून धापा टाकत तो वाळूतून धावत आला, तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात होते.

मासवणला रस्त्यात माणूस दिसला की आपुलकीने जे विचारतात, तेच त्याने विचारलं.

"काका, कुठं चाललात?"

सगळा किनारा थिजला. बोटीवर निघालेल्या माणसाला आमच्याकडे 'कुठं' विचारत नाहीत. विचारलं की त्याने मागे फिरायचं, घरी येऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि पुढच्या भरतीची वाट बघायची. मी विपुलला भरती-ओहोटी शिकवली, मासे ओळखायला शिकवले, पण हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. श्वास घ्यायचा असतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

बाबा पाण्यातून बाहेर आले आणि घराकडे चालू लागले. खलाशी कपाळाला हात लावून बसले. कुणीतरी त्याला काय झालं ते सांगितलं असावं, कारण विपुलचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्याकडे एकदा बघितलं... आणि खोकं काखेत मारून तो एसटीच्या रस्त्याला लागला. न विचारताच. हा आता गेला तर परत यायचा नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "विपुल, कुठं चाललास?"

तो थांबला.

"तुला विचारलं मी. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की त्याने काय करायचं असतं?"

त्याला आत्ताच शिकवलं होतं कुणीतरी. तो हळूहळू वळला. गोदूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

आमच्या ओट्यावर मग अडवलेले दोघे शेजारी शेजारी बसले, बाबा आणि विपुल. आईने चहा आणला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मग बाबांनी खोक्याकडे हनुवटी केली.

विपुलने विमान काढून दिलं. बाबांनी ते वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, 'मासवण' वाचलं, अक्षर ओळखून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी विमान डोक्यावर धरलं आणि मान मागे टाकून खालून बघत राहिले.

"खालनं पिवळा का?"

"वर बघणाऱ्याला दिसावं म्हणून."

बाबांचे हात तसेच वर राहिले. "त्या दिवशी मी आवाज आयकला," ते म्हणाले. "वर बगितलं तर कायच नाय. ढगाचाच रंग त्याचा. हात हलवायचा, तो कुटं बगून?"

दाराआड आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. इतक्या वर्षांत हे आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. विपुलने कप खाली ठेवला.

"काका, मला रिद्धीशी लग्न करायचंय."

'असतं' नाही, 'तर' नाही. मी ओट्याचा खांब घट्ट धरला.

"बोट चालवता येते?"

"नाही."

"पवता येतं?"

"सूर्या नदीत येतं."

बाबांनी चहा संपवला. "सूर्या पन शेवटी येते दर्यालाच," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुजा काय?" मी फक्त मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि मग काजळाचं वाटोळं झालं असतं. डहाणूवाल्यांना मी कळवतो, ते आत बघून म्हणाले. आईने आतून म्हटलं, मला कवाच म्हाईत होतं, त्या नव्या ड्रेसापासून.

बाबा उठले. विमान त्यांनी परत दिलं नाही. केबिनमध्ये टांगतो म्हणाले. पायऱ्या उतरून ते किनाऱ्याकडे चालू लागले, खलाशांना गोळा करायला. विपुलने ओठ इतके घट्ट मिटले होते की मला हसू आवरेना.

फाटकाशी बाबा थांबले. कुणीही त्यांना काही विचारलं नव्हतं.

"रातच्या भरतीला दर्यावर," ते स्वतःहूनच म्हणाले. "आनि तिकडनं आलो की मासवणला. घरच्यांना सांगून ठेव."