नुसते बसून राहणारे

मोठ्या सिस्टर लेकीचा डबा घेऊन रुग्णालयाच्या तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत आल्या, तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. लेक त्याच रुग्णालयाचे कॉम्प्युटर सांभाळायची. घरी ती चिमी, इथे मॅडम. चारचौघांत तिला ‘मॅडम’ म्हणताना सिस्टरांना मनातून गुदगुल्या व्हायच्या.

डबा उघडला तोच फोन वाजला. ऑपरेशनच्या टेबलावर एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता, आणि रक्तपेढीचा स्क्रीन काही केल्या उघडेना. तिच्या जुन्या तपासण्या पाहिल्याशिवाय रक्त द्यायला डॉक्टर धजत नव्हते.

चिमी खुर्ची ओढून बसली. “सर्व्हर एका वेळी ठरावीकच कनेक्शनं घेतो, आई. सगळी भरलीत. नवं कोणी आत येऊच शकत नाही.”

“मग बंद करून चालू कर ना!”

“शेजारच्या टेबलावर दुसऱ्याला भूल दिलीय. त्याचं सगळं यावरच चाललंय. आणि मर्यादा वाढवली तर मेमरी पुरणार नाही, सर्व्हरच आडवा होईल.”

देखभालीसाठी राखून ठेवलेल्या एकमेव जागेतून ती आत शिरली. क्षणभर तिची बोटं थबकली.

“बहुतेक सगळी एकाच ठिकाणाहून आलीत... वरच्या मजल्यावरचा जुना वॉर्ड.”

सिस्टरांच्या हातातलं झाकण खाली पडलं. साथीच्या रुग्णांचा तो वॉर्ड साथ ओसरली तेव्हा बंद झाला, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तिथली शेवटची पाळी त्यांनीच केली होती.

“काय... काय मागतायत ते?”

“काहीच नाही. आत येतात, आणि नुसते बसून राहतात.”

चिमीने ती कनेक्शनं तोडली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी परत हजर. पंख्यांची घरघर वाढली. बंद खोलीत कुठूनसा फिनाइलचा आणि ओल्या चादरींचा वास दाटून आला. सिस्टर दाराकडे सरकल्या. पण चिमी ढळली नाही.

“हाकलून भागणार नाही. त्या वॉर्डाला दोनच जागा ठेवते.”

“अगं, पुरतंच बंद कर!”

“नको. तोडलं की अजून जोरात येतायत.”

तिने मर्यादा घातली आणि पुन्हा सगळी तोडली. या खेपेला दोघंच आत आले. घरघर उतरली. तेवढ्यात फोन... “उघडलं! रक्त मिळालं!”

थोड्या वेळाने खुद्द सर्जनांचा फोन आला. “सिस्टर, बाई वाचली. तुमच्या मॅडमना सांगा, आज त्या आमच्याबरोबर टेबलापाशी उभ्या होत्या.” सिस्टरांनी फोन ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. आपण उभा जन्म वॉर्डात काढला; पोरीने इथे खाली बसून एक जीव ओढून आणला.

“चल, वरचा तो कॉम्प्युटर काढून टाकू,” चिमी म्हणाली.

वॉर्डात कॉम्प्युटर नव्हताच. भिंतीतून कापलेली वायर लोंबत होती. सगळीकडे बोटभर धूळ. साथीत खाट रिकामी होईपर्यंत रुग्णही ज्यावर बसून राहायचे, त्या नातेवाइकांच्या लांबलचक बाकावरही तीच; फक्त दोन जागा स्वच्छ होत्या. सिस्टरांनी हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. लाकूड उबदार होतं.

“बाकीचे कुठे गेले असतील गं...?” चिमी पुटपुटली.

सिस्टर लगबगीने वळल्या. लेकीला घेऊन त्या लिफ्टमध्ये शिरल्या. आत दोघीच. तरी दार मिटेना. वजन जास्त झाल्याचा लाल दिवा लागला होता.

सिस्टरांनी लेकीचा दंड घट्ट धरला. चिमीचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज मघाइतकाच शांत होता.

“सगळ्यांना एकदम नाही जमणार,” ती रिकाम्या लिफ्टला म्हणाली. “थोडे जण मागून या.”

लाल दिवा विझला. दार मिटलं. ‘माझी पोर!’ सिस्टरांच्या मनात आलं, आणि भीतीतही ऊर भरून आला.

लिफ्ट खाली निघाली. पलीकडच्या जिन्यावरून पुष्कळ अनवाणी पावलं, तिच्या बरोबरीने, भराभर उतरत होती.