चौथी वर्णपेशी

कोल्हापूरच्या त्या दृष्टिविज्ञान संस्थेत नवं वर्णभेदमापक यंत्र आलं, तेव्हा चाचणीसाठी डॉ. फिरदोस इनामदारला कुणाचे तरी निरोगी डोळे हवे होते. शेजारच्या विभागातली तिची मैत्रीण शलाका भुर्के तिला आयतीच सापडली. शलाका रंगरसायनज्ञ होती. कापडाचा रंग ती यंत्राने, आकड्यांत मोजायची. स्वतःच्या डोळ्यांवर तिने लहानपणानंतर कधी भरवसा ठेवला नव्हता.

पडद्यावर दोन राखाडी चौकोन उमटले.

"सारखे की वेगळे?"

"वेगळे. डावा जरा ऊबदार आहे."

फिरदोसने चौकोन बदलले, जागा बदलल्या, उजेड कमी केला. शलाकाचं उत्तर दर वेळी अचूक येत होतं. शेवटी फिरदोसने यंत्र बंद केलं आणि खुर्ची ओढून ती समोर बसली.

"शलाका, या दोन चौकोनांतल्या प्रकाशलहरी वेगळ्या आहेत. पण माणसाच्या डोळ्याला त्या सारख्याच दिसाव्यात अशी मी त्यांची जुळणी केली आहे. जुन्या यंत्रावर आजवर सगळ्यांना त्या सारख्याच दिसल्या."

"मग मला का नाही?"

"आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या वर्णपेशी तीन प्रकारच्या असतात. तुझ्यात चौथा प्रकार असणार. हिरव्या आणि तांबड्याच्या मधलं टिपणारा."

"म्हणजे दोष?"

"दोष कसला? आम्हाला जिथे एकच हिरवा दिसतो, तिथे तुला दहा दिसत असतील."

शलाकाच्या डोळ्यांसमोर सावंतवाडीच्या शाळेतला सातवीचा वर्ग उभा राहिला. लाकडी बाकं, पाण्याच्या वाट्या, ओल्या कागदाचा वास. मोती तलावाचं चित्र काढायचं होतं. बाकीच्यांनी पाणी एका हिरव्याने रंगवून टाकलं. शलाकाला मात्र त्या पाण्यात कितीतरी रंग दिसत होते आणि ते बाटल्यांत मिळत नव्हते, म्हणून तिने तांबूस, जांभळट, करडे असे ठिपके शेजारी शेजारी ठेवत पाणी भरलं होतं. इतकी रमून ती पुन्हा कधीच कशात बसली नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, हिने पाण्यात तांबडा घातलाय."

चित्रकलेचे सर म्हणजे तिचे वडीलच. त्यांनी कागद उचलून वर्गाला दाखवला. "हे तळं आहे की गोधडी?" वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने ब्रश हातात धरला नव्हता.

"हे येतं कुठून?" तिने विचारलं.

"या पेशीचं जनुक आई किंवा वडील, कुणाहीकडून येऊ शकतं. ते नेहमीच्या हिरव्याच्या जनुकाचंच सरकलेलं रूप. बाईकडे त्या जनुकाचे दोन संच असतात. एक सरकलेला, एक नेहमीचा, असे आले की चौथी पेशी. पुरुषाकडे एकच संच. तो सरकलेला असेल तर नेहमीचं हिरवं त्याच्याकडे उरतच नाही, मग त्याला हिरव्या-तांबड्यात फरक कळत नाही. तुझ्या वडिलांना रंग नीट दिसतात ना?"

शलाकाला हसू आलं. "फिरदोस, ते आयुष्यभर चित्रकला शिकवत होते."

"मग आईकडून आलं असणार. तरी त्यांच्या लाळेचा नमुना आण. नोंदीत त्यांना वगळता येईल."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शनिवारी सावंतवाडीला जाणारी गाडी आंबोलीचा घाट उतरत असताना शलाकाच्या मनात आईच होती. तिलाही असंच दिसत असेल का? परसातल्या अळवाकडे बघत ती उगाच थांबायची, ते यामुळेच का?

भुर्के सर पडवीत पेपर वाचत होते. शलाकाने सगळं समजावून सांगितलं आणि नमुन्याची नळी पुढे केली. सरांनी ती घेतली, बोटांत फिरवली आणि तशीच तिच्या हातात परत दिली.

"पाठवू नकोस. उत्तर मला माहीत आहे."

"कसलं उत्तर?"

"तुझ्या आईचं यात काही नाही."

एकेक गोष्ट शलाकाला आठवू लागली. बाबांची स्वतःची चित्रं सगळी पेन्सिलीची. 'रेषा खरी, रंग पोरखेळ,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात रंगाच्या प्रत्येक बाटलीवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी.

"चिठ्ठ्या आई तुमच्यासाठी लावायची?"

"लग्नानंतर आठवड्याभरात तिने ओळखलं. कुणाला बोलली नाही." सर बाहेर बघत म्हणाले. "चित्रकलेचा मास्तर, आणि त्याला रंग दिसत नाहीत. गावाने काय म्हटलं असतं?"

"आणि माझं तळं?"

"मला तो कागद सगळा एकाच रंगाचा दिसत होता. पोरं तांबडा म्हणत होती. कुठे आहे तो, हे कुणी मला विचारण्याआधी वर्ग हसवणं भाग होतं."

शलाका उठून आत गेली. तिला राग हवा होता, पण तो येईना. त्या दिवशी वर्गाच्या हसण्याला ती एकटीच घाबरली नव्हती, बाबाही घाबरले होते. शिवाय बाबांच्या डोळ्यांत जे उणं होतं, तेच तिच्या डोळ्यांत जास्तीचं होऊन उतरलं होतं. त्यांना सगळे रंग दिसले असते, तर तिला चौथी पेशी मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून रंग आणले आणि बाबांना अंगणात खुर्चीवर बसवलं. म्हाताऱ्या कातडीखालचे रंग तिला लहानपणापासून दिसत होते, कुणाला सांगितले मात्र नव्हते. गालांवर हिरवट, कपाळावर जुन्या तांब्यासारखा, कानाच्या पाळीवर नावच नसलेला. ती ते कागदावर उतरवत गेली.

शेजारच्या पेडणेकर काकू अंगणाच्या दगडी गडग्यावरून डोकावल्या. चित्र बघून त्यांना राहवेना.

"सर, तुमचा गाल हिरवा केलाय हो हिने. सांगा की काहीतरी."

"मला काय विचारता?" सर म्हणाले. "मला हिरवा नि तांबडा सारखाच दिसतो. जन्मापासून."

काकूंचा हात गडग्यावरच राहिला. "जन्मापासून? आणि आमच्या पोरांना इतकी वर्षं चित्रकला..."

"हो. त्यांनाही सांगा."

"बाबा, बोलू नका," शलाका कागदावरून नजर न काढता म्हणाली. "हनुवटी हलते."