फुटाला एक सूत

"मॅडम, उद्या आप्पा पोलिसांत तक्रार देणार हायत. केरबामामाला बेड्या पडल्या तर मी त्या घरचं पाणी पिणार न्हाय."

संगमेश एवढं बोलला आणि त्यानं समोरचा चहा बाजूला सारला.

शाहूपुरीतलं ते ऑफिस घड्याळजीच्या दुकानावरच्या माडीवर होतं. निशिगंधा माने आधी विमा कंपनीसाठी नुकसानीच्या दाव्यांची पाहणी करायची. दोन हजार साली तिनं खासगी तपासाची पाटी लावली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. मदतीला गणपतराव, निवृत्त हवालदार. ज्याच्याकडे किल्ली तोच चोर, हे गणपतरावांचं पोलिसी शास्त्र. ते बऱ्याचदा खरं ठरायचं, त्यामुळे त्यांना पुढं विचार करायची सवयच राहिली नव्हती.

"काय चोरीला गेलंय?" निशिगंधानं विचारलं.

"लाकडाचं चाक."

गणपतरावांनी उघडलेली वही पुन्हा मिटली.

संगमेशच्या घरचा कुरुंदवाडबाहेर चरकांचा कारखाना होता. गुऱ्हाळात ऊस पिळायचा लोखंडी चरक त्याच्या आजोबांपासून तिथं बनत होता. इतरांच्या चरकाचे दात दोन हंगामांत तुटायचे, यांचं दातेरी चाक वीस-वीस वर्षं चालायचं. हे चाक ओतण्यासाठी आधी तसंच लाकडी चाक वाळूत दाबायचं, अलगद काढायचं आणि त्या खळग्यात वितळलेलं लोखंड सोडायचं. त्या लाकडी चाकाला कारखान्यात पॅटर्न म्हणायचे. अठ्ठावन्न सालापासून पॅटर्न एकच होता.

"येत्या रविवारी कोल्हापूरला आप्पांचा सत्कार हाय," संगमेश म्हणाला. "ते चाक आप्पांनी स्वतः आखलं, स्वतः केलं म्हणून. पॅटर्न स्टेजवर मांडायचा होता. जुना रंग खरवडून नवा द्यायला पायजे होता. मी केरबामामाला सांगतो म्हटलं, तर आप्पा म्हणाले ऱ्हाऊ दे, मी बघतो. आनि दोन आठवड्यांमागं रविवारी सकाळी बघतोय तर खोलीत पॅटर्न न्हाय. कुलूप जिथल्या तिथं."

"किल्ल्या?"

"दोन. एक आप्पांकडं, एक केरबामामाकडं. मामा आमचा सुतार. पंचेचाळीस वर्षं झाली."

"संपलं की मग," गणपतराव म्हणाले.

निशिगंधानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिनं चपला पायांत सरकवल्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एका टोकाला भट्टी आणि जिकडेतिकडे काळी वाळू. दाराशी तयार चाकं रचून ठेवली होती. निशिगंधानं गणपतरावांच्या हाती टेप दिली. चाक या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर दोन फूट भरलं. दुसरं मोजलं, तेही दोन फूट.

थोरला भाऊ राजशेखर इस्त्रीचा शर्ट सांभाळत वाळू टाळून आला.

"खरं सांगू पावणं? पॅटर्न गेला ते बरंच झालं. हा धंदा आता संपला. ही जागा विकली तर तीन पिढ्या बसून खातील."

"म्हणजे पॅटर्न गेल्याचा फायदा तुम्हालाच," गणपतराव पुढं सरसावले.

"कसला फायदा? आप्पांच्या सहीशिवाय हितला खिळा विकता येत न्हाय मला. आनि त्या शनवारी मी आनि बायको कोल्हापुरात मेव्हण्याच्या लग्नाला होतो. सोमवारी आलो. दोनशे माणसं सांगतील."

हे खरं असल्याचं संगमेशनंही मान हलवून सांगितलं.

ऑफिसात गादीला टेकून संगमेशचे वडील, आप्पा म्हणजेच चनबसाप्पा, बसले होते. वय सत्तरीच्या पुढं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतर बगळ्यासारखं पांढरं. कारखान्याच्या मालकाचं धोतर एवढं पांढरं राहतं तरी कसं, असं गणपतरावांना वाटून गेलं. पण मोठ्या माणसाचं सगळंच मोठं, म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

"धाकट्याला त्या सुताराचा लई पुळका," चनबसाप्पा म्हणाले. "पुरावा मागतोय. हा घ्या की पुरावा!"

त्यांनी कोपऱ्यातलं एक बिननावाचं चाक दाखवलं. चोरीनंतर आठ दिवसांनी इचलकरंजीच्या एका दुकानात ते मिळालं होतं. तोच वळणाचा दात, तेवढेच आरे.

"केरबानं पॅटर्न त्यांस्नी विकला. त्यावरनंच ह्यो माल निघाला. भर चौकात मी त्याला चोर म्हणलोय, उगंच न्हाय."

"मोजू का?" निशिगंधानं विचारलं.

गणपतरावांनी टेप धरली. पावणेचोवीस इंच.

"तुमच्या चाकापेक्षा पाव इंच कमी आहे, आप्पा."

"घासून साफ करताना जातंय की तेवढं! पॅटर्न तोच. बरोबर दोन फुटांचा. मी स्वतः पट्टी लावून आखलाय, मला इचारा."

"नक्की दोन फूट?"

"एक केस इकडं न्हाय, एक केस तिकडं न्हाय!"

निशिगंधानं ते लिहून घेतलं. तिनं एवढंच का लिहिलं, हे गणपतरावांना कळलं नाही.

केरबा सुतार नदीकडच्या गल्लीत राहायचा. दाराशी कोणी येत नव्हतं. शेजारणीनं पाहुण्यांना पाहून लेकराला आत ओढलं. चोराचं घर म्हणून गावानं पंधरवड्यात त्याला वाळीतच टाकलं होतं. म्हातारा उंबऱ्यावर बसून एक लाकडी पट्टी अंगठ्यानं चाचपत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"पॅटर्न कुणी केला होता, मामा?" निशिगंधा त्याच्याशेजारी बसली.

"मालक म्हणत्यात त्यांनी केला. मग त्यांनीच केला असंल."

"केवढा होता?"

"दोन फूट दोन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-लोहारांचं नेहमीचं माप. केरबानं उत्तर देताना विचारही केला नाही. "सागवानी. दात एकेक बसवलेला, आतनं पितळी स्क्रू. वल्या वाळूत लोखंडी खिळा गंजतोय, म्हणून पितळ."

"तुम्ही नेला?"

म्हाताऱ्यानं पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आपलं लेकरू आपण चोरतंय व्हय कुणी?"

गणपतरावांनी तेवढ्यात पट्टीशेजारी आपली टेप लावून पाहिली आणि ते हरखले. निशिगंधाला बाजूला घेऊन ते कुजबुजले, "मॅडम, ह्याचा फूटच खोटा आहे! एक सूत जास्त भरतोय. मालक म्हणतात पॅटर्न दोन फूट, हा म्हणतो दोन सूत जास्त. जन्मभर मापात मारलंय म्हाताऱ्यानं."

"काका, आज तुम्ही सगळं बरोबर मोजलंत," ती म्हणाली. "आता मामांना घेऊन मालकांच्या वाड्यावर चला. पट्टी बरोबर घ्या."

मालकांच्या घरामागं न्हाणीघर होतं. तिथं चनबसाप्पांच्या थोरल्या विधवा बहिणीचं, आक्काचं, राज्य. ती ताटं घासत होती आणि तोंडही चालू होतं.

"ही बघा की ताटं! कसं चरं पडल्यात! राखेत खिळं येत्यात बाई. कारखान्याची मोडकी लाकडं जाळायची म्हणल्यावर हुणार काय?"

"खिळे ठेवलेत का, आक्का?"

"ठेवलेत की. पिवळं हायत, पितळ टाकू कशाला?" तिनं कोनाड्यातनं डबी काढली. आत काळपटलेले बारीक पितळी स्क्रू होते, पन्नास तरी असतील.

"कधीच्या राखेतले?"

"मी शनवारी लेकीकडं चिकोडीला गेलते. रविवारी सांजचं आले तर बंबात राख गच्च. चार दिवस त्याच राखेनं घासलं. संगमेश तर कारखान्यात नळाखाली गार पाण्यानं अंघोळ करतोय, त्याला बंब लागत न्हाय."

तांब्याचा तो मोठा बंब जमिनीवर नव्हता. एका जुन्या गंजक्या दातेरी चाकावर ठेवलेला होता.

"आमच्या वडलांनी, आबांनी ठेवलेलं," आक्का म्हणाली. "कारखान्यातलं पयलं चाक. विकायचं न्हाय म्हणाले, घरात ऱ्हाऊ दे."

निशिगंधा खाली बसली, चाकाच्या कडेखाली बोटं घालून तिनं चाचपलं आणि हात पुसत उठली. तिचा चेहरा उतरला होता. गणपतरावांना वाटलं, बाईंना काही सापडलं नाही.

तासाभरात सगळी मंडळी मागच्या अंगणात जमली. चनबसाप्पांना खुर्ची दिली होती. केरबा भिंतीशी उभा राहिला, बस म्हणूनही कोणी म्हणालं नाही.

"लोखंड तापून वितळतं तेव्हा फुगलेलं असतं," निशिगंधानं सुरुवात केली. "थंड झालं की आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून दोन फुटांचं चाक हवं असेल तर पॅटर्न दोन फूट दोन सूत करावा लागतो. त्यासाठी सुतार वेगळी पट्टी वापरतात, जिचा फूटच एक सूत मोठा असतो. काका, तीच ही खोटी पट्टी."

गणपतरावांचे कान लाल झाले.

"आता इचलकरंजीचं चाक. ते पॅटर्नवरून ओतलं असतं तर दोन फूट भरलं असतं. भरलं दोन सूत कमी. कारण त्यांनी बाजारातून तुमचं तयार चाक आणलं, तेच वाळूत दाबलं आणि लोखंड ओतलं. ते पुन्हा आकसलं. म्हणजे पॅटर्न त्यांच्याकडं कधी गेलाच नाही. आप्पा, तुम्ही आणलेला पुरावाच केरबामामांना सोडवतो."

"घासताना गेलं असंल म्हणलो की मी!"

"घासताना दोन सूत गेले तर दात राहतील का? आणि दुसरं. ज्यानं तो पॅटर्न स्वतःच्या हातानं आखला, तो मरताना विचारलं तरी दोन फूट दोन सूत म्हणेल. तुम्ही छातीठोकपणे बरोबर दोन फूट म्हणालात. आकसण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण तुमच्या हाताला ती माहीत नाही. पॅटर्न तुम्ही केलेला नाही."

राजशेखरनं मान खाली घातली. संगमेश बापाकडे बघत राहिला.

"मग पॅटर्न गेला कुठं? आक्कांच्या राखेत पितळी स्क्रू आहेत. मोडक्या लाकडांत पितळ कोण घालतं? शनिवारी रात्रीपासून रविवारपर्यंत घरात होतं कोण? आक्का चिकोडीला. राजशेखर आणि त्यांची बायको कोल्हापुरात. संगमेशकडं किल्ली नाही. केरबामामांकडं किल्ली आहे, पण मालकाच्या घरात येऊन बंब पेटवणार कसे? किल्ली आणि बंब, दोन्ही एकाच माणसापाशी होतं."

"आप्पा?" संगमेशचा आवाज चिरकला. "आप्पा, न्हाय म्हणा की!"

चनबसाप्पा न्हाय म्हणाले नाहीत.

"जाळला का, तेवढं राहिलं," निशिगंधा म्हणाली. "सत्कारासाठी यांनी रंग खरवडायला घेतला. खाली लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून बुजवलेलं काहीतरी निघालं. पॅटर्नवर जे कोरलेलं असतं ते प्रत्येक चाकावर उमटतं. बुजवण्याआधीचं एकच चाक मला माहीत आहे. संगमेश, बंब उतरव."

दोघा भावांनी बंब उतरवला. चाक पालथं केलं. पंचेचाळीस वर्षांची माती गणपतरावांनी आपल्या रुमालानं पुसली. गंजातनं अक्षरं वर आली : केरबा सुतार, १९५८.

ज्या नावासाठी पॅटर्न जाळला, त्याच नावावर बंब पेटवला होता. गणपतरावांनी आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले होते, पण पितळी स्क्रूंची डबी हातात घेऊन उभं राहताना त्यांना पहिल्यांदाच एखाद्या मालकाची किळस आली.

"आबांनीच बुजवून घेतलं हुतं," चनबसाप्पा म्हणाले. "मालकाच्या मालावर गड्याचं नाव कशाला, म्हणून. मला म्हणाले, तू केलास म्हणून सांग. सांगत सांगत मलाबी खरं वाटाय लागलं. रंग खरवडला आनि..." ते केरबाकडे वळले. "केरबा, तक्रार देत न्हाय. रविवारी स्टेजवर तुझं नाव घेतो. हे तेवढं घरात ऱ्हाऊ दे."

"चोर म्हणलासा ते चौकात म्हणलासा, आप्पा," केरबा म्हणाला. "आनि खरं तेवढं घरात ठिवायचं व्हय?"

संगमेशनं ते चाक उभं केलं आणि ढकलत ढकलत कारखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याकडेला नेऊन भिंतीला टेकवलं. नाव रस्त्याकडे. राजशेखर थांबवायला दोन पावलं पुढं झाला आणि तिथंच थांबला. केरबा मागनं आला. त्याला अक्षरं दिसत नव्हती. त्यानं बोटानं एकेक अक्षर फिरवून पाहिलं.

"मामा, माझं चुकलं, मी आधीच बोलाय पायजे होतं. नवा पॅटर्न कराल? मी हाताखाली बसतो."

केरबानं पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि खाली घेतली.

"सूत दिसत न्हाय आता, पोरा. धा वर्सं शिकवू का म्हणून इचारत हुतो आप्पांस्नी. मालकाचा पोरगा सुतारकी शिकंल व्हय, म्हणाले."

"मग आता आम्ही करायचं काय?"

"चाकावरनं चाक करा की. समदी तसंच करत्यात." म्हाताऱ्यानं पट्टी काखेत मारली आणि घराकडे चालू लागला. "हर खेपंला दोन सूत कमी भरंल, एवढंच."