ओडोरिकची सोबत

मार्च उजाडला तरी अमेरिकेतल्या ॲन आर्बरची गोठलेली जमीन फावड्याला दाद देत नव्हती. रुचा परेरा मातीचीच संशोधक. तिला त्याचं कारण ठाऊक होतं. आईला ते अंथरुणातून, नुसतं खिडकीबाहेर बघून कळलं होतं.

"मला इथे नको पुरूस. वसईला, बाबांच्या खड्ड्यात ठेव."

वसईत तशीच रीत. जुनी कबर उघडायची, आधीच्या माणसाची हाडं हलकेच कडेला सारायची आणि नव्याला जागा द्यायची.

"पाठवेन ना, आई."

"सामानासारखी? सोबत कोण?"

रुचाच्या व्हिसाचं काम अडकलं होतं. देश सोडला असता तर तिला परत येता आलं नसतं, आणि लेकीची, इलाची, शाळा इथेच होती.

मग आई ओडोरिकची गोष्ट सांगू लागे. सातशे वर्षांपूर्वीचा, अनवाणी फिरणारा इटालियन मिशनरी. ठाण्यात मारल्या गेलेल्या चार साधूंची हाडं त्याने सोपाऱ्याहून उचलली आणि समुद्रमार्गे पार चीनला नेली. निजताना ती उशाशी घ्यायचा. "ओझं म्हणून नाही हो नेली," आई म्हणे, "आपली माणसं म्हणून."

एका दुपारी रुचा घरी आली, तर आईने वाटीभर पेज संपवली होती.

"फादर येऊन गेले. नेतो म्हणाले. अनवाणी होते गं. म्हटलं, जावयाचे मोजे तरी घाला."

रुचाने चर्चमध्ये फोन केला. बर्फामुळे फादर निघालेच नव्हते. दारापुढच्या बर्फावर तिच्या बुटांखेरीज ठसे नव्हते.

"नोबडी केम, मम्मा," इला म्हणाली. "पण आजी खूप हसत होती."

"आता पाठवायची खटपट नको," आई म्हणाली. "सोय झालीय."

त्याच आठवड्यात ती झोपेत गेली. यंत्राने जमीन फोडून रुचाने तिला ॲन आर्बरलाच पुरलं.

मे महिन्यात वसईहून चुलतभावाचा, अनयचा, फोन आला. त्याचे वडील वारले होते.

"ताई, पप्पांसाठी काकांचा खड्डा उघडला. काकीचा खुबा तिकडेच बदललेला ना?"

"हो. का रे?"

"काकांच्या शेजारी अजून एकाची हाडं आहेत. त्यांत स्टीलचा सांधा आहे."

रुचाने आधी मातीचंच विचारलं.

"वरची माती उकरलेली होती?"

"नाही."

"नीट बघ, अनय."

"बघितलं, ताई. चाफ्याच्या मुळाने सांध्याला वेढा घातलाय. वर्षानुवर्षांचं मूळ, मनगटाएवढं जाड आहे."